मोजलेली पानं

भाऊ,

आज अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला. तुम्ही म्हणाल, मग आपल्याला त्याचं काय. खरं म्हणजे मलाही काही नाही, पण गेलं वर्ष-दीड वर्ष त्याची भानगड रोज माझ्या टेबलावर येऊन पडते आहे. मी गिरगावातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करते, हे तुम्हाला माहीत नाही. टेलिप्रिंटरमधून इंग्रजी कागदाची लांबलचक पट्टी बाहेर येते, ती फाडून घ्यायची आणि मान मोडेपर्यंत मराठीत उतरवायची, हे माझं काम. डोकं उठलंय अगदी. विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून माणसं घुसवली, ती पकडली गेली, मग ते झाकायला खोटं, आणि ते खोटं झाकायला आणखी खोटं. शेवटी कळलं की हा गृहस्थ स्वतःच्याच खोलीतलं सगळं बोलणं टेपवर भरून ठेवत होता. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "स्वतःच्याच पायावर धोंडा. ह्यांनी असं केलं नसतं हो." ह्यांनी म्हणजे तुम्ही. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी अजून ती तुम्ही शेजारच्या खोलीत बसल्यासारखी बोलते.

तर त्या टेपांपैकी एकीत अठरा मिनिटं नुसती घरघर निघाली. बोलणं नाहीच. त्याची सेक्रेटरी, चांगली पोक्त बाई, पुढे आली आणि म्हणाली, त्यातलं काही माझ्याच हातून पुसलं गेलं असेल, फोन घ्यायला वळले आणि पाय मशीनच्या पेडलवर राहिला. ती कशी वळली ते दाखवणारा तिचा फोटो आला. एक हात फोनवर, एक पाय पेडलवर, अंग ताणलेलं, चेहरा ओशाळा. कचेरीत फोटो हातोहात फिरला. आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले, "ह्या वयात कसरत बरी जमते बाईंना." सगळे हसले. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून तोंड धूत राहिले. त्या बाईने खरं सांगितलं की खोटं, मला काय ठाऊक. पण 'माझ्याच हातून' हे शब्द मी आधी आपल्या स्वयंपाकघरात ऐकले होते. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं म्हणते आहे.

तुमचं काम लोकांना आता सांगितलं तर समजत नाही. म्हणे, पोलीस होते का? मी सांगते, नाही, पोलीस खात्याचे लघुलेखक होते. सभेत व्यासपीठाच्या पायाशी एक छोटं टेबल, त्यावर तुमची वही, खिशात टोक काढलेल्या चार पेन्सिली. वक्ता बोलेल तो शब्द न् शब्द खुणांच्या लिपीत टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी बसून स्वच्छ मराठीत उतरवून खात्याला द्यायचा. त्यावरून कुणाला पकडायचं ते वरचे ठरवायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत शिवाजी पार्कावर आठवड्याआड सभा, आणि प्रत्येक सभेत वक्ते तुमच्याकडे बोट दाखवणार. "खाली बसलेले आमचे लेखनिक, दमू नका हो, हेही लिहा." की मैदानभर खसखस. तुम्ही मान वर न करता ते वाक्यही लिहायचे, आणि पुढे कंसात 'हशा'. स्वतःला हसलेलं हसू इतक्या इमानाने लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिवी असली तर शिवीही. अमेरिकेत त्या टेपांमधलं बोलणं छापलं तेव्हा दर दोन ओळींना 'शिवी गाळली' असं होतं, ते उतरवताना मला आपल्याकडचा एक रविवार आठवला. तुमच्या कागदावर शिवी वाचून आई म्हणाली होती, "देवघरासमोर बसून हे काय लिहिता?" तुम्ही म्हणालात, "मी बोललो नाही. मी लिहिलं." तेवढंच. जणू त्यात सगळं आलं.

ती लिपी तुम्ही मला शिकवलीत तेव्हा मी दहा वर्षांची असेन. आई पोळ्या करायची आणि तुम्ही परातीतल्या पिठावर बोटाने खुणा काढायचे. हा क, हा ग, ही रेघ जाड केली की अमुक. आई ओरडायची की पीठ खराब करू नका. खेळच होता तो, पण खेळाचा एक नियम फार कडक. ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची नाही, तिथे शून्य काढायचं. एका वाक्याला एक शून्य. आणि ऐकू आलेलं असेल तर मरेपर्यंत शून्य काढायचं नाही. मी एकदा कंटाळून उगाच एक शून्य काढलं. तुम्ही माझं बोट धरलंत आणि म्हणालात, "हे खोटं बोललीस तू. तोंडाने बोललीस तर एक वेळ चालेल, हाताने नाही." मी रडले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खात्याची नाही, तुमची स्वतःची एक पेन्सिल आणून दिलीत, टोक काढलेली.

आणि मग चळवळीच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला. आपल्या ठाकूरद्वारच्या वाडीतला एकही माणूस आपल्याशी नीट बोलेना. तुम्ही नळावर गेलात की बायका गप्प. जिन्यात कुणीतरी म्हणायचं, "कान आले." मला सगळ्यांत लागलं ते समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांच्या मुलीचं. माझ्या वर्गातली ती, बाक एक, डबा एक. तिने बाक बदलला. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि चळवळीत आपादमस्तक बुडालेले. मी चौदा वर्षांची होते, मला महाराष्ट्र हवा होता की नको हे मी तुम्हाला खरं सांगू का? मला ती परत बाकावर हवी होती. बाकी सगळं त्याच्या मागून.

त्या शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कावर मास्तर पहिल्यांदाच मोठ्या सभेत बोलणार होते. वाडीतल्या बायकांबरोबर मीही ट्रामने दादरला गेले. मास्तरांची मुलगी ट्राममध्ये पुढच्या बाकावर बसली होती आणि एकदाही मागे वळली नाही. आम्ही मैदानाच्या पार कडेला, कट्ट्यापाशी उभ्या. तुम्ही लांब टेबलाशी, टोपीवरून ओळखू येत होतात. तुमच्याबरोबर टिपून घेणारा जोडीदार तापाने पडलेला, म्हणून त्या दिवशी तुम्ही एकटेच. मास्तर सुरुवातीला अडखळले, मग त्यांना सूर सापडला, आणि शेवटी तर त्यांचा तोल गेला. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांची घरं आपल्याला ठाऊक आहेत, असं ते म्हणाले. ती घरं उभी राहता कामा नयेत, असंही म्हणाले. आणखी दोन-तीन वाक्यं तशीच. कर्णा आमच्या डोक्यावरच होता, अक्षर न् अक्षर कळलं. आणि मैदानभर टाळ्या. माझ्या शेजारची काकू पुटपुटली, "मेले हे आता. आत जाणार." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे तुमच्याकडे.

रविवारी सकाळी तुम्ही जेवणाआधी आंघोळीला गेलात. वही स्वयंपाकघरातल्या पाटावर, अजून उतरवायला घेतलेली नव्हती. आई गच्चीवर पापड बघायला गेलेली. मी वही उघडली, पानं उलटली, एका पानाच्या वर मास्तरांच्या नावाची खूण दिसली, आणि ते पान मी फाडलं. भाषण लांब नव्हतं, तुम्ही बारीक लिहायचे, ते एका पानात मावलं होतं. माझ्या मनात काय होतं? ते पान तिच्या हातात द्यायचं. हे घे, तुझे वडील वाचले, आता बाक बदल. एवढंच होतं. पण तिच्या दारापर्यंत जायला माझे पाय धजेनात. मी ते घडी करून गणपतीच्या तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात सरकवलं आणि तुमच्याबरोबर जेवायला बसले. दुपारी तुम्ही वही उघडलीत, बराच वेळ नुसते बघत बसलात, आणि मिटलीत. मला काही विचारलं नाही.

सोमवारी तुम्ही उशिरा घरी आलात. वहीच्या प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडून लिपी शिकले, पण हे नव्हते शिकले. आई चुलीपाशी होती, मी भाजी निवडत होते. तुम्ही पाटावर बसलात आणि तिला म्हणालात, "एक पान गेलं. माझ्याच हातून. चहा सांडला, खराब झालं, फाडून टाकलं, असं सांगितलं मी." आई म्हणाली, "पण तुम्ही शनिवारपासून वहीजवळ चहा घेतलाच नाहीत." तुम्ही म्हणालात, "त्यांनाही ते पटलं नाही." मग माझ्याकडे वळलात. मी तोंड उघडलंच होतं. तुम्ही हात वर केलात. "वहीचं पान मोजलेलं असतं, बाळ. आता मला काही सांगू नकोस. सांगितलंस तर मला ऐकू येईल." आणि आईला जेवण वाढायला सांगितलंत.

चौकशी झाली. वीस वर्षं ज्याच्या वहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं त्या माणसाला रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायलींना दोरे बांधायला बसवलं. पुन्हा सभेला तुम्ही कधी गेला नाहीत. रविवारी सकाळी काय करावं हे तुम्हाला कळायचं नाही, पाटावर बसून उगाच पेन्सिलींना टोकं काढायचे. मी ते बघायचे आणि अळीमिळी गुपचिळी. वाडीत मात्र वारं फिरलं. चौकशीची बातमी खात्यातून फुटली, आणि पान नेमकं मास्तरांच्या भाषणाचं, तेव्हा लोकांनी काय ते ताडलं. मास्तरांना काही झालं नाही. त्यांची मुलगी स्वतः घरी आली, माझा हात धरून म्हणाली, "तुझे भाऊ आपलेच निघाले गं." दुसऱ्या दिवशी ती माझ्या बाकावर. मला जे हवं होतं ते मिळालं, भाऊ, आणि ते तुमच्या खोट्यावर मिळालं. महाराष्ट्र झाला, आणि दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. मास्तरांनी खांदा दिला. वाडीच्या शोकसभेत ते म्हणाले, ह्या माणसाने आपल्या लेखणीशी एकदाच बेइमानी केली, ती आपल्यासाठी. मी खाली मान घालून बसले होते. मनात म्हणत होते, तुम्हाला काय माहीत, ते मी केलं. लाज तर होतीच, पण खोटं कशाला बोलू, जरा ताठाही होता. इतकी वर्षं होता. मागच्याच महिन्यात कचेरीत चळवळीच्या गप्पा निघाल्या तेव्हा मी म्हणून गेले, मीही एका माणसाला तुरुंगातून वाचवलंय हो.

ते पान मी कधी बाहेर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दर चतुर्थीला तसबीर पुसायची आणि परत टांगायची. आज राजीनाम्याची बातमी उतरवून दुपारी घरी आले. आई निजली होती. काय वाटलं कुणास ठाऊक, तसबीर उतरवली आणि पुठ्ठा सोडवला. कागद पिवळा झालाय, पण पेन्सिल टिकते. लिपी विसरले असेन असं वाटलं होतं, पण पोहणं विसरत नाही माणूस, तसंच हे. मास्तरांची सुरुवात आहे, अडखळणंसुद्धा टिपलंय तुम्ही. इतिहासाचे दाखले आहेत, मध्ये 'हशा' आहे. मग 'गोळ्या' हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढे शून्य. मग शून्य. मग शून्य. पाच शून्यं, एकाखाली एक, नीट गोल, हात न थरथरता काढलेली. आणि खाली कंसात 'टाळ्या'.

मला ऐकू आलं होतं, भाऊ, मैदानाच्या कडेवरून. तुम्ही तर मास्तरांच्या पायाशी बसला होतात.

म्हणजे मास्तर शनिवारीच वाचले होते. रविवारी तुम्ही ते पान शांतपणे उतरवलं असतं, पाच ठिकाणी 'ऐकू आले नाही' असं लिहिलं असतं, आणि तुमच्या शून्यावर खात्यात कोण शंका घेणार होतं. सोमवारी तुम्ही वेळेवर घरी आला असतात. पुढच्या सभेला गेला असतात. वाडी म्हणत होती तेच बरोबर होतं आणि मी एकटी चुकले होते, आणि हे तुम्हाला त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं होतं. तरी चार वर्षांत तुम्ही ते मला कळू दिलं नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

आई आत्ता उठली. विचारते आहे, तसबीर का उतरवलीस. म्हटलं, पुसायला. हे पत्रही आता त्याच पुठ्ठ्यात जाईल, दुसरीकडे कुठे टाकणार. कुणाला तुरुंगातून वाचवल्याचं कचेरीत आता पुन्हा सांगणार नाही, एवढं नक्की. आणि एक राहिलं. तेव्हा घाईत मी वरचं नाव तेवढं पाहिलं. पान न वाचताच फाडलं, भाऊ. वाचायला तुम्ही शिकवलं होतं.