गेल्या महिन्यात उणे

१४ नोव्हेंबर

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

आधी माफी. इतके महिने तुमच्या पत्राला उत्तर नाही. तुमची पाठ आणि ताईचा रक्तदाब ठीक असतील असं धरून चालतो (धरून चालणं हा माझा धंदाच आहे). उशीर आळसाने झाला नाही, रागाने झाला. मागे तुमच्या घरी जेवताना सगळ्यांदेखत तुम्ही विचारलंत, "काय साहेब, पत्ते पिसून महिन्याला सुटतात किती?" आणि मला उत्तर सुचेपर्यंत मंडळी हसून हात धुवायला उठलीसुद्धा.

तर ऐका. सुटतात, पण महिन्याला नाही. पोकरवर पोट भरणाऱ्याचा हिशेब वर्षाचा असतो. माझं म्हणाल तर चांगल्या वर्षी तुमच्या ऑफिसातल्या नव्या कारकुनाइतके, वाईट वर्षी त्याच्या बसभाड्याइतके. स्पर्धा जिंकणाऱ्याचा भलामोठा चेक धरलेला फोटो छापून येतो; प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, कर आणि भांडवल लावणाऱ्याचा वाटा गेल्यावर जे उरतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही. आणि माझ्यावर भांडवल कोण लावतं, भाऊजी? निम्मा वाटा घेणाऱ्यानेच कमाई विचारावी आणि सगळ्यांत मोठ्याने हसावं? (चूक माझीही आहे. "ताईला कळू देऊ नकोस" या तुमच्या अटीला मी हो म्हणायला नको होतं.)

आता घराचं. सध्याची खोली विकली गेली. महिनाअखेर बाहेर पडायचं आहे. दोन खोल्यांची एक जागा पाहिली, खिडकीतून थेट टेबलावर उजेड येईल अशी. घरमालकीणबाईंनी चहा दिला आणि गेल्या महिन्याची कमाई विचारली. मी पडलो सरळ. म्हटलं, "उणे."

"उणे म्हणजे? पगार कापला?"

"नाही हो. कामावर गेलो आणि पैसे देऊन आलो."

त्यांनी माझे बूट नीट न्याहाळले. "मग घरीच का नाही बसत तुम्ही?"

याचं उत्तर मी चहा निवेपर्यंत दिलं: नशीब महिन्याचं असतं, कसब वर्षाचं, आणि आजवर माझं भाडं एकदाही थकलेलं नाही. 'सल्लागार' म्हणून मोकळं होता आलं असतं, आमच्यातले बरेच जण होतात. मी होणार नाही. मी पत्ते खेळतो आणि त्यावर जेवतो. लाजायचंच असतं तर विशीत लाजलो असतो, तेव्हा निदान शोभलं असतं.

आपला,
हसण्यावारी नेलेला मेहुणा

ता. क. बाई तयार आहेत, पण पगारदार नातेवाइकाची जामीन म्हणून सही हवी. अर्ज सोबत आहे. माझ्या व्यवसायापुढे 'पोकर खेळतो' असंच लिहा. 'सल्लागार' लिहिलंत तर अर्ज परत पाठवीन.

ता. क. २. तुम्ही सही केली नाहीत, तर दुसरी पगारदार नातेवाईक म्हणजे ताई. तिने भांडवलाचं विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. हा दम नाही. (पुन्हा वाचून पाहिलं. दमच वाटतो. राहू दे.)

उद्याचं काम: हे पाकीट तुमच्या घरच्या नव्हे, ऑफिसच्या पत्त्यावर टाकणे.