पॅसेजमधले चोवीस पाट

१५ मार्च १९८७, रविवार
काल परभणीला एस.टी.च्या साहेबांच्या बंगल्यावर फाईल द्यायला गेलो होतो. पॅसेज पाहिला. खाली लाकडी फ्लोअरिंग, भिंतीवर फुलांची डिझाईन. दहा मिनिटं नुसता उभा होतो. साहेबांना वाटलं, रजा मागायला आलोय. ठरलं. आपलाही पॅसेज असाच. चौदा फूट बाय तीन. पाथरीत पहिलाच. हिला सांगितलं, आजपासून बोळ म्हणायचं नाही. सत्यशीला म्हणाली, बोळीत लसूण वाळायलाय, तेवढा काढते.

१८ मार्च
सागवानाचा भाव विचारला. विचारायला नको होता.

२२ मार्च
माळ्यावर गल्लीचे मानाचे पाट आहेत. चोवीस. अस्सल सागवान. वडिलांच्या वेळी गल्लीने वर्गणी काढून करवले, तेव्हापासून सांभाळायला आमच्याकडे. लग्नात विहिणींची पंगत ह्याच पाटांवर बसते, बाकीच्यांना सतरंजी. दोन वर्षांत कुणी मागितलेले नाहीत. सांभाळायचेच, तर माळ्यावर काय आणि पॅसेजमध्ये काय! उलट डोळ्यांसमोर राहतील. टेप लावून पाहिला. दोन ओळी, बारा-बारा, बरोबर बसतात. योगच म्हणायचा. हिला सांगितलं नाही. ती नाही म्हणाली असती.

२९ मार्च
ही माहेरी, मानवतला. मुंजाजी सुताराला बोलावलं. पाट बघून त्याने हत्यारं परत पिशवीत ठेवली. म्हणाला, मालक, हे तर गल्लीचं हाय. मी म्हणालो, गल्लीला सांगितलंय. (सांगणारच आहे. एकूण एकच.) खालच्या पट्ट्या काढल्या, कडा तासल्या, खिळे ठोकले. अप्रतिम! पट्ट्या बंबात घालून अंघोळ केली. बरं वाटलं नाही. पाणी कोमट असावं.

२ एप्रिल
ही आली. पिशवी हातात घेऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, हे तुमी काय करून बसलात? रविवारी गल्लीला सांगायचं. नक्की.

५ एप्रिल, रविवार
ऊन फार होतं.

१२ एप्रिल
आधी भिंती पूर्ण कराव्यात. काम पुरं झालेलं दिसलं की माणसं समजून घेतात. गुलाबी डिस्टेंपर, त्यावर रोलरने निळी फुलं. एका भिंतीवर ती उलटी आली. चालतं. मन मात्र थाऱ्यावर नाही. बहुधा रंगाच्या वासाने.

२० एप्रिल
स्टँडवर बुकिंगच्या खिडकीत गोजरबाई आली. दोन घरं सोडून राहते. नवरा वारला, ऊसतोडीला जाऊन एकटीने लेक वाढवली. मला वाटलं तिकीट हवंय. म्हणाली, बन्सीभाऊ, आपल्या दैवशालाचं लगीन दहा मेला हाय, पाट तेवढे पुसून ठिवा. तिच्या लग्नात म्हणे तिच्या सासूला पोत्यावर बसवलं होतं. ते तिने एकवीस वर्षं ऐकलं. माझ्या लेकीला तसं ऐकायची पाळी नगं, म्हणाली. मी म्हणालो, पाट पॉलिशला दिलेत. कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. लय उपकार झाले म्हणाली आणि खिडकीतून शेंगदाण्याचा लाडू दिला. खाववेना. मग खाल्ला.

२६ एप्रिल
पाट उचकटून पाहिले. पहिले दोन मधोमध चिरले. थांबलो. पुन्हा ठोकून टाकले. मुंजाजीला नवीन करशील का विचारलं. म्हणाला, करीन की, पण गल्लीला सांगितलं म्हणला व्हता ना तुमी? विषय बदलला.

३ मे
मार्ग सापडला. विहिणींना खुर्च्या! मॉडर्न दिसतं. गोजरबाईला पटवायला गेलो. अंगणात दहा-बारा बायका शेवया करत होत्या. सगळ्यांनी एकदमच विचारलं, पालिश झालं का? होत आलंय म्हणालो आणि परतलो. मी वाईट माणूस नाही. फक्त वेळ जुळत नाही.

९ मे, सकाळी ६
ही म्हणाली, आज तुमी सांगता का मी सांगू? ड्युटीवरून आलो की सांगतो.

संध्याकाळी ५
आलो तर गोजरबाईच पॅसेजमध्ये. पाट न्यायला आली होती. वाकून एकेका पाटावरून हात फिरवत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं तर 'पॉलिश' एवढाच शब्द आला. ती म्हणाली, उद्या बारा वाजता ही जागा मोकळी ठिवता का? फार लाज वाटली. काहीतरी करायला हवं होतं. घरात उरलेला निळा ऑइलपेंट होता. भिंतीला तोच फुलांचा रोलर एक हात मारून दिला. सकाळपर्यंत वाळेल. निदान भिंत तरी तिच्या लेकीच्या मानाची दिसावी.

१० मे, रविवार
विहिणींची पंगत आमच्या पॅसेजमध्ये. भिंतीला पाठ लावून एका ओळीत बाराजणी. गोजरबाईने त्यांना सांगितलं, आमच्या गल्लीत मानाच्या बाया अशाच बसवतेत, जडवलेल्या पाटावर. माझं नावसुद्धा घेतलं नाही. दैवशालाची सासू खूश. म्हणाली, आमच्याकडं असं न्हाई बाई. मी बुंदी वाढत होतो. डोळे भरून आले. वाटलं, देवाने निभावून नेलं.
मग त्या उठल्या. बाराही नव्या पातळांच्या पाठीवर निळी फुलं. सासूबाईंच्या पाठीवर सगळ्यात ठसठशीत. त्यांनी पदर पुढे ओढून पाहिला आणि गोजरबाईला विचारलं, हे निघतं का? गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, एका धुण्यात.

१७ मे, रविवार
निघत नाही. रॉकेलनेही नाही.
दैवशाला माहेरपणाला आली आहे. सकाळी आमच्या दारावरून पाण्याला गेली. सासूने ते पातळ तिलाच नेसायला दिलंय. मला बघून थांबली. काका, बरं हाय का, विचारलं. मी म्हणालो, बरं आहे. ती पुढे गेली. मी तिच्या पाठीकडे बघत दारात उभा राहिलो.