बुडबुडे

अण्णा, आज डॉक्टर घरी येऊन आईला बघून गेले. जाताना ऑक्सिजनच्या मशीनची पाण्याची बाटली त्यांनी काढून ठेवली. ते अगदी सहज बोलले, "मिनिटाला दोनच लिटर ऑक्सिजन, त्याला पाणी लागत नाही ताई. एवढी हवा नाक स्वतःच ओली करतं. उलट बाटलीत जंतू वाढले तर सरळ छातीत जातात."

आई घाबरली आहे. तुमच्या आजारपणापासून तिच्या लेखी त्या बाटलीतले बुडबुडे म्हणजेच श्वास. "आवाज न्हाई, मंग हवा कुठून येऊन राह्यली?" म्हणते. नळीची टोकं पेल्यात बुडवून दाखवली, बुडबुडे आले, तेव्हा कुठे तिने ती पुसून नाकात घालू दिली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

तुम्हीही तसेच. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीसमोर उभा जन्म काढलेला माणूस, आणि त्या बाटलीकडे चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं बघत बसायचात. "पाणी खाली गेलं, टाक जल्दी. धुतली का बराबर?" मी हो म्हणायचे. शेवटी शेवटी म्हणालात, "हवेला गंजाचा वास येऊन राह्यला. देव्हाऱ्यातलं गोदावरीचं पाणी टाक थेंबभर." मी टाकलं. तुम्ही डोळे मिटून हसलात, "आता बरं वाटून राह्यलं."

चौथ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया. दवाखान्यात विचारलं, बाटलीत पाणी कोणतं घालता? मी म्हणाले, मेडिकलमधलं डिस्टिल्ड. त्या पाण्यानेच तुम्ही गेलात का, हा प्रश्न आज जिभेवर आला होता, अण्णा. डॉक्टर म्हणाले असते की छाती आधीच गेली होती. किंवा नसते म्हणाले. त्याचीच भीती वाटते, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

आत्ता आई हाक मारते आहे, "बाटली लाव गं, तुझ्या अण्णाला किती बरं वाटायचं त्यानं." फुटली म्हणून सांगितलंय. ती कपाटात आहे, हा कागदही तिथेच ठेवते.

तुम्ही थेंबभर म्हणाला होतात. मी अख्खी बाटली त्याच पाण्याने भरली. मेडिकलपर्यंत जायचा कंटाळा आला होता.