सुकाणू मागायला या

रेवदंडा,
ता. १४ ऑगस्ट १९६१

चि. रघूभावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुमच्या दादांची प्रकृती उत्तम आहे, चेहरा भरून आला आहे. गोळ्या पोचल्या. नारळी पुनवेला होडी पाण्यात लोटायची, सुकाणूवर दादाच बसणार. तुम्ही गिरणीची रजा वाया घालवून येऊ नये.

एवढं त्यांनी ओटीवर बसून सांगितलं आणि मी मुकाट्यानं लिहिलं. आता ते आत पडले आहेत, तर माझं ऐका.

चेहरा सुजलाय तो या सांधेदुखीच्या गोळ्यांनी. गावाला ते बाळसं वाटतं. शेजारची बायजा परवा म्हणाली, काय गं, नवऱ्याला लोणी चारतेस का? मेलीला काय सांगू, या गोळीवर मीठ चालत नाही म्हणून दोन वर्षं या माणसाच्या ताटात मीठ नाही, सुकट नाही. कोळ्याच्या घरात बिनमिठाचं कालवण शिजवणं म्हणजे काय ते मला विचारा. रोज शिव्या घालतात आणि रोज खातात, कारण गोळीनं बोटं मिटतात, दोर हातात राहतो.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, असं तुम्ही मला बजावून लिहिलं होतंत. मी वाचूनही दाखवलं. पण पावसाळ्यासाठी होडी वर ओढली, जाळी आढ्याला टांगली, तशी त्यांनी बाटलीही फडताळात वर ठेवली. म्हणाले, "होरी बसली, जाली बसली. आता गोलीला काय काम हाय?" मलाही ते पटलं हो. आपल्याकडे या दिवसांत सगळंच विसावतं.

सांधे सुजले, ते आम्ही गारठ्यावर घातलं. मग ओकाऱ्या. एका सकाळी उठायला गेले आणि ओटीवरच कोसळले. अंग गार पडलं होतं. आपल्या होडीवरच्या धर्मा खलाशानं गाडी जुंपून अलिबागला नेलं. सुई दिल्यावर डोळे उघडले. डॉक्टर मला काय ओरडले! म्हणाले, त्यांचं शरीर आता गोळीवरच चालतं, एकदम तोडली तर माणूस जातो. फोटो काढला तर पाठीचा मणका खचलेला. गोळीनं हाडं पोकळ झालीत. तरी गोळी सुटायची नाही, आणि होडीवर मात्र यापुढे पाय ठेवायचा नाही.

हे ऐकून दादा भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी सुकाणूला तेल लावत बसले.

धर्मा म्हणाला, मी धरतो. तर परक्याच्या हातात देणार नाही म्हणतात. मग घरचं कोण, भावजी? तुम्हीच. हेच सुकाणू मागितलंत म्हणून दोघांची जुंपली आणि तुम्ही मुंबई धरलीत. त्यांच्याशी बोलणं तोडलंत, पण त्यांच्या गोळ्या पाठवायचं कधी चुकवलं नाहीत.

पुनवेआधी या. प्रकृती विचारू नका, रडू नका. दारातच भांडण काढा. म्हणा, बापाची होडी आहे, यंदा सुकाणू माझं. ते वाट्टेल ते बोलतील, ऐकून घ्या आणि घेऊन जा. भावानं हिसकावलं, असं गावभर सांगत त्यांना बसू दे. हात चालेना म्हणून सोडलं, हे त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघायचं नाही.

नाही आलात तर ते चढतील. समुद्रात सुई द्यायला कोणी नाही.

तुम्ही भांडायला लागलात की मीही त्यांच्या बाजूनं तुम्हाला चार शिव्या घालीन. मनावर घेऊ नका.

त्या दिवशी तुमच्यावर तुटून पडणारी,
तुमची वहिनी
राही