काळे कागद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ सप्टेंबर १९७८

प्रिय कालिंदी,

तुझं गोव्याहून आलेलं पत्र मिळालं. समुद्राच्या वाऱ्याला जो वास येतो तो बराचसा गंधकाच्या एका वायूचा, आणि तो मोजायला तू गुरुवारी जहाजावर चढणार, हे तू चार पानं भरून लिहिलंस. मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा राग आला.

जहाजावरची ती जागा माझी होती असं मी वर्षभर धरून चालले. गेल्या पावसाळ्यात शाहूवाडीला केरबांच्या भातखाचरात आपण काचेच्या हंड्या उपड्या घातल्या, आत शिशाच्या क्षारात भिजवलेले कागद टांगले. चिखलातला गंधकाचा वायू लागला की कागद काळा पडतो. तुझे काळे झाले, माझे जेमतेम पिवळट. आपल्या विभागाच्या सरांनी तुझे आकडे उचलले आणि जहाजासाठी तुझं नाव कळवलं. तू चिखल तुडवून वायू उसळवलास, असं माझ्या मनानं घेतलं. तसं मी गेल्या महिन्यात सरांना लेखी कळवलंही.

मग ते सिद्ध करायला एकटीच खाचरावर गेले. बांधाशी, चिखल न हलवता हंड्या लावल्या; कागद पुन्हा पिवळट. मी खूश. केरबांची बायको शालूबाई भातातलं तण भांगलता भांगलता थांबली. "बाई, बांधाकडंला काय घावायचं हाय? तितं पाटाचं ताजं पानी येतंय की. ही माझी जोडवी बगा, मधल्या चिखलात गेलं की काळी ठिक्कर. हितं न्हाय हूत." आणि हसून, "गेल्या साली ती दुसरी बाई आलती, लुगडं खोचून थेट मधी. तुमी आपलं चपला जपत बसलासा."

मी चपला काढल्या. मधल्या साचलेल्या पाण्यात, चिखल खाली बसेपर्यंत थांबून, तीन हंड्या लावल्या. तिन्ही कागद काळे. ताज्या पाण्यातला प्राणवायू तो वायू टिकू देत नाही, हे मी वर्गात शिकवते.

काल सरांनी बोलावलं. चौकशी होईपर्यंत तुला थांबवणारी तार ते आज करणार होते, आणि जहाजावर मी जाणार होते. मी "बरं सर" म्हणाले. तेव्हा ते तिन्ही काळे कागद माझ्या पिशवीतच होते.

आज सकाळी ते कागद सरांच्या हातात दिले, माझी चूकही लिहून दिली. तार होणार नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. तू जा. मला अजूनही तुझा हेवा वाटतो, पण आकडे तुझे बरोबर आहेत.

तुझीच,
श्यामला