फाटकावरची शिटी

पाचोरा,
नोव्हेंबर १९९८

प्रिय युवराज,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. हे वाचताना तुला वाटेल, नाना चिडलेत. चिडलोय की नाही ते माझं मलाच धड कळेना. ताटावर बसतो आणि अर्ध्यातून उठतो, एवढं तुझ्या आईने कळवायला सांगितलं म्हणून कळवलं. बाकी प्रकृती उत्तम. फोन करावा म्हणून स्टेशनसमोरच्या एसटीडीवर जाऊन आलो. नंबरही लावला होता, पण मागे माणसं उभी असताना असलं काही बोलता येत नाही. ठेवून दिला. मग वाण्याकडून हे फुलस्केप आणले. तुमच्या खेळाच्या सीड्या छापायला जायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडलं पाहिजे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सवडीने वाचू म्हणून बाजूला ठेवणार नाहीस.

तू पुण्याला कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या कंपनीत लागलास तेव्हा इथे किती चेष्टा झाली ते तुला सांगितलं नव्हतं. झुलालआबा पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गिरधर, खेळनी बी कंपनी ऱ्हास का?" मी हसून घेतलं, पण मनातून ओशाळलो. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून मोडलेलं जोडत आलो, आणि माझ्या पोराला कंपनीने चांगलं चालतं काम मोडून बघायला बसवलं. तू नीट समजावून लिहिलं होतंस. भिंतीत घुसायचं, नको ती बटणं दाबायची, लोक करणार नाहीत ते करून बघायचं आणि कुठे फसतंय ते लिहायचं. हे वाचून तुझी आई म्हणाली, लहानपणी हेच करायचा तेव्हा मार खायचा. मग यंदा तू कळवलंस की मोडणं पुरे झालं, आता तुला खेळातला एक अख्खा टप्पा बांधायला दिलाय, शत्रूचा कारखाना. ते पत्र मी झुलालआबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दाखवणारच.

दिवाळीनंतर तुझी सीडी प्रमिलाकडे पिंप्राळ्याला आली. अजून बाजारात नाही, बाहेर कुणाला देऊ नका, असं तू बजावलं होतंस. जावईबापूंनी बाहेर कुणाला दिली नाही, सगळ्यांना घरातच बोलावलं. त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत सतरंजी टाकली, चपला दाराबाहेर काढायला लावल्या. आम्ही इथून सकाळच्या गाडीने गेलो आणि बरोबर तानूकाकूलाही घेऊन गेलो. जिनिंगचा हंगाम सुरू व्हायचा तेव्हा पहिल्या गाडीपुढे नारळ लोटन फोडायचा, तुला आठवत असेल. फाटकावरचा सगळ्यांत जुना पहारेकरी तोच, म्हणून मान त्याचा. लोटन गेल्यावर तो मान आपण त्याच्या बायकोला, तानूकाकूलाच देतो, मग घराची वास्तुशांत असो की स्कूटर. तेव्हा तुझ्या खेळाचा नारळही तिच्याच हातून. तिने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. काचेवर बोट लावू की नको म्हणून ती थबकली होती, मीच म्हटलं, लाव. आणि तुझं नाव घेऊन तिने नारळ फोडला. तुझ्या आईइतकंच तिने तुला जेवू घातलंय, तेव्हा आनंद तिला आमच्याहून कमी नव्हता.

मग जावईबापूंनी खेळ लावला. त्यांनी बटण दाबलं आणि फाटक आलं.

युवराज, मी चहाची बशी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली. आपलं फाटक. जिनिंग बंद पडून पाच वर्षं झाली. पत्रे उतरवून नेले, यंत्रं भंगारात गेली, जागेवर बाभळी उगवल्या आहेत. आणि इथे ते उभं. उजवीकडे वजनकाटा, पुढे फलाट, कापसाच्या गाठी रचायचं गोडाऊन, त्याच्या कौलांत तेच एक मोडकं, आग विझवायला बांधलेला हौद आणि डाव्या अंगाला आपली चाळ. तू शत्रूचा कारखाना म्हणाला होतास. आम्ही काय चिनी-पाकिस्तानी काहीतरी बघायला मिळेल म्हणून बसलो होतो. तुझी आई एकदम म्हणाली, "अहो, आपली खिडकी." खरंच आपली खिडकी होती. आनंद झाला असं म्हणायला हवं, पण तसं नव्हतं. मेलेलं माणूस समोरून चालत यावं तसं झालं मला.

आणि मग खरंच आलं. फाटकाआडून पहारेकरी आला. चेहरा म्हणजे नुसता चौकोनी डबा, त्याचं काही नाही. पण डावा पाय जरा ओढत, हातातली बॅटरी मांडीवर आपटत, चार पावलं टाकली की मान वळवून मागे बघत. कानाला उपरणं, गळ्यात शिटी. जावईबापूंना त्यातलं काही माहीत नाही, ते लग्नाने नंतर आलेले. त्यांनी बंदूक रोखली आणि त्याला मारलं. खोलीत हशा झाला. शेजारच्या बेबाबाई तर टाळ्या पिटत होत्या. जावईबापूंना वाटलं, फारच रंगलंय, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पुन्हा मारलं. तो दर वेळी तसाच लंगडत यायचा आणि तसाच पडायचा. तुझ्या आईने पदर तोंडात धरला होता. तानूकाकूकडे बघायची तर माझी छातीच झाली नाही.

तिनेच हात वर केला. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाली, "हाई चाल त्यासनी शे. मारू नका त्यासले. चालू द्या."

प्रमिलाने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारे पार कोमेजले. तू असं का केलंस, हे त्या वेळी मी मनातल्या मनात तुला शंभरदा विचारलं असेल. ज्याच्या खांद्यावर बसून तू जिनिंगभर फिरलास, ज्याने तुला शिटी वाजवायला शिकवलं, त्याला तू लोकांनी मारायला फाटकावर उभा केलास? मग वाटलं, तू मारायला नसेल केला. पहारेकरी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? मलाही दुसरं कोणी येत नाही. पण त्या घटकेला माझा जो जीव चरकला तो चरकलाच, ते लपवत नाही.

जावईबापूंनी खेळातला आपला माणूस गाठींच्या मागे नेऊन दडवला आणि हात काढून घेतला. लोटन फाटकाशी येरझाऱ्या घालू लागला. मंडळी कंटाळून एकेक उठली, बेबाबाई घरी गेल्या. आम्ही चौघं-पाचजण राहिलो. तानूकाकू पडद्याच्या अगदी जवळ सरकून बसली होती, स्वतःच लावलेल्या कुंकवाच्या बोटामागे त्याला बघत. चेहरा असा शांत, की मी म्हटलं, चला, हेही बरंच झालं. एकदा तिने विचारलं, "बठ्ठा घर गयात ना भाऊ, मंग ह्या एकलाच का बरं फिरी राहिनात?" मी म्हटलं, ड्युटी आहे त्याची. ती म्हणाली, "शिटी कोनले देतीन?" आपल्या जिनिंगचा नियम तुला माहीत आहे. बदलीचा माणूस येऊन शिटी त्याच्या हातात दिल्याशिवाय फाटकावरच्याने फाटक सोडायचं नाही. आणि पडद्यावर दुसरा माणूस कुठे दिसत नव्हता.

तेवढ्यात तो फाटकावरून हलला. कुणी न मारता बराच वेळ गेला की त्याने आवारात फेरी घालायची, असं तू त्याला शिकवलं असणार. वजनकाट्याला वळसा घातला, फलाटाच्या कडेने गेला, गोडाऊनचं कुलूप हलवून बघितलं. अगदी लोटनची फेरी. पुढचं वळण मला त्याच्या आधी कळलं आणि मी ओरडलो, जावईबापू, थांबवा त्याला. ते म्हणाले, नाना, तो आपल्या हातात नाही, तो आपोआप चालतो. तो हौदाच्या काठाशी आला, मान वळवून मागे बघितलं आणि पाण्यात गेला. पाणी हललं नाही, आवाज झाला नाही. जमीन नसल्यासारखा सरळ खाली गेला. बॅटरीचा उजेड तेवढा वर राहिला आणि रिकाम्या आवारात गोल गोल फिरत बसला.

आता जे सांगतो ते नीट बसून वाच. लोटनकाका असाच गेला. तू तेव्हा जळगावला होस्टेलवर होतास, बारावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून तुला नुसतं कळवलं की काका अचानक वारले. तू छातीत दुखलं असेल असं धरून चाललास. आम्ही ते खोडलं नाही, आणि मग कोणत्या तोंडाने विषय काढायचा म्हणून कुणी काढला नाही. त्या दिवशी त्याच्या बदलीला दुसरा पहारेकरी छगन यायचा होता. छगन तापाने फणफणला होता, निरोप वेळेत पोचला नाही. शिटी द्यायला माणूस नाही म्हणून लोटन थांबला. आम्ही त्याला म्हटलंही, कुलूप लाव आणि चल. तो म्हणाला, "शिटी गयामा शे तवपावत मी आठेच." दिवेलागणीला आवारातली लाइट गेली. एक फेरी घालून येतो म्हणून निघाला. हौदाच्या काठाची फरशी शेवाळलेली होती. बॅटरी काठावर पेटलेली सापडली, त्यावरून कळलं.

तुला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तर माझं डोकं चालेना. तो पाण्यात गेलेला बघून तानूकाकूने मला पहिलं हेच विचारलं, "युवराजले हाई कोन सांगं?" मी म्हटलं, कुणीच नाही, वहिनी, शपथ. ती डोळे न पुसता म्हणाली, "त्याना दोष नही. जठे जे व्हतं तठे ते त्यानी ठेवं." तिचं खरं आहे. तू फाटक, काटा, हौद सगळं जागच्या जागी ठेवलंस, लोटनची चाल ठेवलीस, त्याची फेरी ठेवलीस. मग तो दुसरीकडे कुठे जाणार होता? जावईबापू सांगतात की ही तुमच्या कामातली चूक असणार, हौदाला तळ द्यायचा राहिला असेल. आणि पुण्यात तुम्ही इतकेजण दिवसभर तपासायला बसलेले असून ती सापडली नाही, कारण तुम्ही सगळे त्याला फाटकातच मारत होतात. सोडून द्यायचं कुणाला सुचलं नाही. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तूच एकदा लिहिलं होतंस की चूक सापडली की तीन गोष्टी कळवायच्या, काय केलं, काय झालं आणि काय व्हायला पाहिजे होतं. त्यासाठीच हे पत्र. काय केलं, तर पहारेकऱ्याला मारलं नाही. काय झालं, ते वर लिहिलंय, पुन्हा लिहवत नाही. काय व्हायला पाहिजे होतं, इथे मी अडलो होतो. हौद बुजव म्हणून लिहिणार होतो. निघताना तानूकाकूला विचारलं, तर ती म्हणाली, "हौद ऱ्हाऊ दे. बदलीना मानूस धाड म्हना त्याले, येळवर." तेव्हा फाटकावर एक माणूस पाठव, बाबा. कुणीही नको, मलाच पाठव. चेहरा जमला नाही तरी हरकत नाही, पोट पुढे आणि हात पाठीमागे बांधलेले कर, म्हणजे इथल्यांना ओळखू येईन. लोटन माझ्या हातात शिटी देईल, मी ती गळ्यात घालीन. खेळणाऱ्यांना फाटकावर मारायला कोणीतरी लागतच असेल, तर मी उभा आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त लोटन चाळीकडच्या वाटेने जाऊन स्वतःच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांना थांबायला लाव. तानूकाकू पिंप्राळ्यालाच राहिली आहे, तुझी दुसरी सीडी येईपर्यंत इकडे यायचं नाही म्हणते.

तुझाच,
नाना