चेअरमनच्या मागची रांग

२ जुलै २०१८

नाकिमेरा अंगणात येऊन बसली. नवरा वारल्यावर केळीची बाग तिचीच राहील, असा निवाडा गेल्या वर्षी आमच्या यांनीच, गावचे चेअरमन म्हणून, गावासमोर दिला होता. आता बाग दिराची, असा कागद — खाली यांची सही, चेअरमनचा शिक्का!

"किती खाल्ले हो चेअरमननी?" एवढंच तिनं मला विचारलं.

यांना विचारायला गेले तर म्हणाले, "कोण नाकिमेरा?"

५ जुलै

गावभर एकच बोलणं — काटेंडे चेअरमननं पैसे खाल्ले. इतकी वर्षं कारभार केला, कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाही या माणसानं. विसरतात हो! परवा उकडलेल्या केळ्यांचं मटोके खाऊन उठले, हात धुतला आणि परत येऊन बसले — "वाढ की." सांगू का हे लोकांना? चोर म्हणायचे थांबतील आणि वेडा म्हणायला लागतील. मला दोन्ही सोसवत नाही.

"या खेपेला उभं राहू नका," म्हटलं.

"मग गावाचं कोण बघणार? तुझा तो म्पागी मास्तर?" वर शर्टाला इस्त्री करायला लावली. माझा मास्तर म्हणे!

९ जुलै

उद्या चेअरमनकीचं मतदान, हे विरुद्ध मास्तर. चिठ्ठी टाकायची असती तर किती बरं झालं असतं. पण आमच्याकडे ज्याला मत त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं, सगळ्यांदेखत.

१० जुलै

आंब्याखाली दोन रांगा. यांच्या मागे भाऊबंद आणि चार म्हातारे. मास्तरच्या मागची रांग पार विहिरीपर्यंत, शेवटी नाकिमेरा. मी मधेच उभी. हे निवडून आले तर उद्या आणखी कुणाची बाग जाईल! पाय उचलत नव्हता. उचलला, आणि नाकिमेराच्या मागे जाऊन उभी राहिले.

"बायकोसुद्धा तिकडे. म्हणजे खाल्लेच," कुणीतरी हसलं.

यांनी वळून पाहिलं. तोंड उघडलं, पण बोलले काहीच नाहीत.

हरले.

११ जुलै

अबोला.

१५ जुलै

मास्तर शिक्का न्यायला आला. अदबीनं बोलला. "बाबा, त्या बागेचा निवाडा पुन्हा करतोय. तुम्ही येऊन बसा." यांनी मुकाट्यानं शिक्का दिला.

नाकिमेराची बाग वाचेल. माझं मात्र घर मुकं झालं. पूर्वी पाण्याला हाक, चपलेला हाक — "तेओपिस्ता!" कान किटायचे. आता नुसतं बोटानं खुणावतात. एवढा राग! धरू देत. माझं कर्म मीच भोगेन. पण रडू येतं.

२१ जुलै

आज हात धरून जवळ बसवलं. म्हणाले, "राग नाही गं. त्या दिवशी मीच तुला सांगणार होतो, मास्तरच्याच रांगेत थांब म्हणून. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तुझं नाव आठवेना. अजून आठवत नाही."